मुकुंदरावांची तळाची पायरी

सांबाराच्या पातेल्यात डोकं घालून बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातला माझा पहिलाच दिवस. कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेले, तर कपाळाला गंध लावलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ रिकाम्या पातेल्यात मान खुपसून बसलेले. मी किंचाळलेच! वाटलं, यांना चक्कर आली. त्यांनी सावकाश मान वर काढली आणि म्हणाले, "स्वल्प थांबा ताई. नेट अजून पुरतं मेलं नाही."

पातेल्याच्या तळाशी मोबाइल होता.

तर हे आमचे मुकुंदराव. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे बोलताना मध्येच कन्नड सांडतं. मी पक्की पुण्याची. सुरुवातीला मला त्यांचं अर्धं कळायचं आणि अर्ध्याचा धक्का बसायचा.

आमची कंपनी व्हिडिओ कॉलचं ॲप बनवते. मुकुंदरावांचं काम एकच, नेट कमीजास्त झालं तरी चित्र अडकू द्यायचं नाही. नेट जोरात असेल तर मोठं, लख्ख चित्र पाठवायचं. ओसरलं की एक पायरी उतरायचं, चित्र जरा लहान. आणखी ओसरलं की आणखी खालची पायरी, चित्र धूसर. आणि हे चढणं-उतरणं बघणाऱ्याला जाणवूही द्यायचं नाही. मला त्यांनी ते असं समजावलं: "पाहुणे वाढले तर सार स्वल्प पातळ करायचं. पंगत थांबवायची नाही. सरी?"

सरी म्हणजे ठीक. सरी तर सरी. पण नेट मुद्दाम बिघडवायचे यांचे एकेक उद्योग बघून मी रोज नव्याने हादरायची. हे लिफ्टमध्ये शिरले की बाहेर म्हणून येत नसत, मोबाइल हातात धरून नुसते वर-खाली. एकदा तळघरात जनरेटरच्या मागे दडून बसले होते, तर वॉचमनने चोर समजून दंड धरून वर आणलं. "अय्यो, फार छान जागा आहे ताई, काही म्हणजे काही पोचत नाही तिथे," असं मलाच कौतुकाने सांगत होते!

आणखी एक. बाकी सगळे क्रिकेटचा सामना लावून चित्र तपासायचे. मुकुंदराव मात्र मोदक वळणाऱ्या हातांचा व्हिडिओ लावायचे. रोज तेच मोदक, तेच हात, आणि आवाज बंद.

"ताई, बोटं दिसली?"

"दिसली, पण बाईंचे नाक-डोळे पार पुसले गेलेत."

"नाक घेऊन काय करायचंय? बोटं वेगवेगळी ओळखू येतात ना? न अडकता हलतात ना? झालं तर मग!"

मी मनात म्हणायची, हा माणूस कामातून गेलाय.

मग ती मीटिंग झाली. आमच्या साहेब शिल्पा मॅडम म्हणाल्या, "तळाची पायरी काढून टाकू या. इतक्या कमी नेटवर ते भुरकट चित्र कुणाला हवंय? तिथे चित्र बंद करून फोटो दाखवू आणि आवाज वाचवू. लोक कॉल करतात ते बोलायलाच ना?"

अगदी पटण्यासारखं होतं. आम्ही माना डोलावल्या. आणि मुकुंदराव ताडकन उठले.

"आवाज तोडा! चित्र ठेवा!"

सगळे खो-खो हसले. मुका कॉल? पण मुकुंदराव हसत नव्हते. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "पायरी गेली तर मीही गेलो." मी बघतच राहिले. खुर्चीला पाय लागला तरी तिला नमस्कार करणारा हा माणूस, नोकरी सोडायला निघाला? कशासाठी, तर धूसर चित्रासाठी?

मॅडमही चपापल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ठीक आहे. ही फोटोची नवी सोय फोनमध्ये घेऊन मेघाबरोबर देवनहळ्ळीच्या बसने जा. त्या बाजूला नेट सारखं जातं-येतं. कुणाचं काय अडतं ते मला दाखवा. नाही अडलं, तर पायरी जाईल."

गेलो आम्ही. जेवणाच्या सुमारास मुकुंदरावांनी एक कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "स्वल्प धरा ताई. मला दोन्ही हात लागतात."

फोनमध्ये स्वयंपाकघर आणि हिरव्या साडीतल्या एक वयस्कर बाई. मुकुंदरावांचे हात भराभरा हलायला लागले. तिकडे त्यांचेही. बाई खुदकन हसल्या, हेही हसले. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला. मी तर आ वासलेला तो मिटायलाच विसरले.

"माझी अक्का," हात न थांबवता ते म्हणाले. "जन्मापासून ऐकू येत नाही. आई होती तोवर अक्काशी हातांनी बोलणारे घरात दोघं होतो. आता मी एकटा. मी ऑफिसला आलो की दिवसभर ती कुणाशी बोलणार? बनशंकरीत शेजार चांगला आहे, पण जेवलीस का एवढं खुणेनं विचारतात, की झालं."

मी फोनमधल्या हातांकडे पुन्हा बघितलं. "म्हणजे ते मोदक..."

"तिचेच हात."

बस आतल्या रस्त्याला वळली. चित्र धूसर झालं. तरी बोटं दिसत होती, मलासुद्धा दिसत होती! आणि खटकन अक्का थिजल्या. त्यांच्या जागी त्यांचा फोटो आला आणि खाली अक्षरं, 'आवाज सुरू आहे'. मुकुंदरावांचे हात हवेतच राहिले.

फोनमधून काचेच्या बांगड्या वाजत होत्या. किणकिण, जरा थांबून पुन्हा किणकिण. अक्का अजून बोलत होत्या.

मुकुंदरावांनी फोन घेऊन कानाला लावला. त्यांनी फोन कानाला लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "चिडलीये," ते म्हणाले. "चिडली की अशा वाजतात."

"कशावर चिडल्यात?"

"ते बोटं दिसल्याशिवाय कसं कळणार, ताई?"

मी माझ्या फोनवरून तिथूनच शिल्पा मॅडमना साधा कॉल लावला. "बोल मेघा, कुणाचं अडलं का काही?" त्यांनी विचारलं. मी माझा फोन तसाच मुकुंदरावांच्या फोनमधल्या किणकिणीला लावून धरला.