मनोहरभाऊंचं नख

मनोहरभाऊ लग्नाला गेले की खुर्चीवर बसायच्या आधी ती उलटी करतात. चारी पाय वर केलेली प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर ओणवे झालेले मनोहरभाऊ, हे दृश्य मी अमरावतीच्या निम्म्या मंगल कार्यालयांत पाहिलेलं आहे. अंगठ्याचं नख ते खुर्चीच्या कडेवरून सावकाश फिरवतात. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात, तिथं वस्तूवर एक बारीक रेघ उमटते. धंद्यात तिला पार्टिंग लाइन म्हणतात. मनोहरभाऊंच्या लेखी ती रेघ म्हणजे साचा करणाऱ्याची अब्रू. नखाला लागली, की अब्रू गेली. एकदा नवरीच्या बापाला वाटलं पाहुणे रुसले. बिचारा हात जोडत धावत आला.

"बसाले चांगली हाय हो," मनोहरभाऊंनी त्यालाच धीर दिला, "पन डाय बनवनाऱ्यानं घाई केली."

डाय म्हणजे साचा, हे त्या बापाला काय कळणार? त्यानं दुसरी खुर्ची मागवली. मनोहरभाऊंनी तीही उलटी केली.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमचा दोघांचा साचे बनवायचा कारखाना आहे. डब्यांची झाकणं, ठिबकचे जोड, बादल्यांच्या कड्या, अशा शेकडो बिनमहत्त्वाच्या वस्तू ज्या पोलादी साच्यातून निघतात, ते साचे आम्ही करतो. म्हणजे मनोहरभाऊ करतात आणि मी गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. साचा तयार झाला की मी म्हणणार, "भाऊ, काहीच तं दिसून नाई राहिलं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर येणार, "डोयाले काय समजते? नखाले विचार!" टूथब्रश, टीव्हीचा रिमोट, डॉक्टरांच्या पेनाचं टोपण, त्यांच्या नखाखालून काही सुटत नाही. एसटीत शेजारच्या बाईच्या टिफिनला नख लावल्याबद्दल त्यांनी चांदूर रेल्वे गाव येईपर्यंत बोलणी खाल्लेली आहेत.

या माणसाचं नख मी एकदाच थांबलेलं पाहिलं. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात सलाइनची नळी, औषधाचं माप, खाटेचा कठडा, सगळीकडे प्लास्टिक होतं. मनोहरभाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि कशालाही हात लावत नव्हते. मला तेव्हा खरी भीती वाटली.

वहिनी सावरल्या. बोलणं परत आलं, आणि ते पहिल्यापेक्षा तिखट आलं. पाय ओढत का होईना, चालू लागल्या. उजवा हात मात्र अर्धवटच परतला.

नेमक्या त्याच सुमारास आम्ही नवं मशीन घेतलं. मशीन आलं, नारळ फुटला, आणि मग कळलं की आमचं जुनं सॉफ्टवेअर त्याला चालत नाही. कटरनं पोलादाच्या ठोकळ्यात कुठून शिरायचं, कुठं वळायचं, किती खोल जायचं, हे मशीनला सांगायला सॉफ्टवेअर लागतं. त्याच्याशिवाय ते लाखमोलाचं धूड नुसतं उभं. इकडे अकोल्याच्या एका फवारणी पंपवाल्यानं मोठं काम देऊ केलेलं. "शनिवारपर्यंत हो म्हणा, नाही तर मी दुसरीकडे जातो," असं तो स्वच्छ बोलला होता. मी कामाला लागलो. वेग, किंमत, शिकवणी, बिघडल्यावर कोण धावून येणार, असा सगळा तौलनिक अभ्यास करून विक्रेत्यांना एकेक करून बोलावलं.

पहिला पुण्याहून टाय लावून आला. मोबाइलच्या कव्हरपासून मोटारीच्या बंपरपर्यंत त्याचं सॉफ्टवेअर सगळं करत होतं. मनोहरभाऊंनी ते शांतपणे ऐकलं आणि टेबलाच्या खणातून फडक्यात बांधलेला एक राखाडी गोळा काढून त्याच्यापुढे ठेवला.

गोळा म्हणजे वाळलेल्या पुट्टीची लांबट, वेडीवाकडी मूठ. एकीकडे खोल खड्डा, दुसरीकडे उथळ, मध्ये एक उगाचच उंचवटा. नागपूरला पाठवून त्यांनी तिची संगणकावर नक्कलही करून आणली होती. "याची डाय पायजे," ते म्हणाले.

टायवाल्यानं नक्कल उघडली, एक बटण दाबलं आणि हसला. पडद्यावर ती मूठ लोण्यासारखी गुळगुळीत झाली होती. "पाहा सर, खड्डे आपोआप भरून निघाले!"

"चहा घ्या," मनोहरभाऊ म्हणाले, "अन् या आता."

दुसऱ्याचं सॉफ्टवेअर ती मूठ पाहून जे गोठलं, ते तो बॅग भरेपर्यंत हललं नाही. तिसरा अनुभवी होता. त्यानं मूठ हातात घेऊन फिरवली आणि अंगठ्याजवळच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "सर, हा डिफेक्ट आहे. आमच्याकडे मुठींची तयार डिझाइनं आहेत, त्यातली एक टाकून देतो."

मनोहरभाऊ उठले, गोळा फडक्यात बांधला आणि बाहेर गेले. तो गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याला बिस्किटं दिली.

त्या दिवशी माझा पारा चढला. गुरुवार उजाडला होता. "भाऊ, पंपवाला निघून चालला अन् तुमी गोटा घेऊन बसले! हाय तरी काय ते?"

"चाल घरी," ते म्हणाले.

राजापेठेत त्यांचं घर आहे, खाली शिकवणी वर्ग आणि वर हे. शोभावहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सुनेला हुकूम सोडत होत्या. त्यांच्या हातचा गोळाभात ज्यानं खाल्ला नाही त्याला वऱ्हाड कळलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. भातात शिजलेले बेसनाचे गोळे पानात फोडायचे आणि त्यावर फोडणीचं कडकडीत तेल घ्यायचं. ते तेल वहिनी कधीच दुसऱ्याला वाढू देत नसत. कोणाला किती लागतं हे त्यांच्या हाताला पाठ होतं, आणि नको म्हणणाऱ्याला थोडं जास्तच मिळायचं. दुखण्यातून उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा पळी धरली आणि ती बोटांतून सटकून तेल ओट्यावर सांडलं. त्या दिवसापासून त्यांनी गोळाभात करणंच सोडलं. वर "तेलकट सोसत नाई आता" असं स्वतःच सांगत फिरत.

"तिच्या हातात ओली पुट्टी देली," मला परत जिन्यात आणून मनोहरभाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "म्हटलं दाब, जसं जमते तसं दाब. बोटं जशी वाकतात तशी पळीले मूठ पायजे, सुधाकर. अन् हे येनारे सारे तिचा हात सुधरवून राहिले."

 तरी माझ्यातला व्यवहारी भागीदार जागा झालाच. "पन एका मुठीसाठी डाय कायले? एक मूठ सरळ कोरून काढू."

"तडकली तं? हरवली तं? डाय असली म्हनजे पायजे तेवढ्या निंगतात." त्यांनी वर स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिच्या जलमाले पुरल्या पायजे."

शुक्रवारी नागपूरच्या एका विक्रेत्यानं एक मुलगी पाठवली. मूळची चांदूर रेल्वेची. माझ्या तौलनिक अभ्यासात तिचं सॉफ्टवेअर शेवटून पहिलं होतं. मनोहरभाऊंनी फारशा आशेनं नव्हे, पण गोळा पुढे ठेवला. तिनं संगणक उघडलाच नाही. गोळा उचलला आणि आपली बोटं त्या खड्ड्यांत बसवून पाहिली. बसेनात. तिनं मान वर केली.

"काका, हा हात कोनाचा हाय?"

मनोहरभाऊ खुर्चीवर बसले. उलटी न करता बसले. "माह्या घरचीचा," ते म्हणाले, आणि जिन्यात मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तेवढा वेळ गोळा तिच्या हातातच होता.

"आमचं जरा हळू चालते," ती शेवटी म्हणाली. "बारीक कटर लावून दिवसभर मशीन चालू ठेवावी लागन. पन जसं हाय तसंच निंघन. कुठं काही भरनार नाई."

"घेऊन टाक," मनोहरभाऊ मला म्हणाले. मी अभ्यासाचे कागद पुढे केले. त्यांनी ते तिच्या चहाच्या कपाखाली ठेवले. पंपाच्या साच्यांनाही तेच चालेल एवढं तिच्याकडून वदवून घेऊन मी शनिवारी अकोल्याला फोन लावला. काम मिळालं. मशीनवर पहिला मान मात्र पंपाला नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मला जेवायचं बोलावणं आलं. गोळाभात होता. पळीला निळ्या, मऊ प्लास्टिकची वेडीवाकडी मूठ बसवलेली होती. वहिनी आत पापड भाजवून घेत होत्या तेवढ्यात मी पळी उचलली आणि, इतक्या वर्षांच्या संगतीचा परिणाम, मुठीवरून नख फिरवलं. सगळीकडे आरसा. फक्त अंगठ्याच्या खड्ड्यात नख अडलं. चांगली जाड, उठलेली रेघ.

"भाऊ," मी म्हणालो, "लाइन राहून गेली इथं."

"हळू बोल," ते दाराकडे पाहत पुटपुटले. "राहिली नाई, ठेवली. अंगठा कुठं टेकवावा थे समजत नाई तिले. तेवढी लाइन लागली की समजते."

"मग सांगितलं नाई वहिनीले?"

"कायले? माही चूक म्हनून रोज हासते." त्यांनी पानातला गोळा फोडला. "लई दिवसांनी हासून राहिली."

तेवढ्यात वहिनी पाय ओढत आल्या आणि त्यांनी पळी हातात घेतली. अंगठा मुठीवर थोडा चाचपडला, रेघेला लागला आणि बसला. माझ्या पानावर तेलाची धार पडली. हात अजून अर्धवटच होता, पण धार भातातच पडली.

"पाह्यलं का भाऊजी?" वहिनी खुशीत म्हणाल्या. "लोकाइच्या खुर्च्या उलट्या करत फिरते हा मानूस, अन् माह्याच पळीले याची लाइन राहून गेली!"

मी मनोहरभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"चुकलं बाप्पा माह्यं," ते म्हणाले, आणि त्यांनी आपलं ताट पुढे केलं. "मले नको जास्त."

वहिनींनी त्यांना थोडं जास्तच वाढलं.