एका घोटातली जळकी वायर

"नुसतं 'छान' म्हणालास तर लग्न विसर," तिने दारातच बजावलं. "बाबांना चव ओळखणारा माणूस हवाय. मागच्या स्थळाने तीनदा छान म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला बाबांनी ठेवलंच नाही."

मुलगा होता इलेक्ट्रिशियन, आणि चव ओळखायची होती बाबांच्या घरच्या बिअरची. बिअर त्याने आयुष्यात दोनदाच घेतली होती. दोन्ही वेळा पिवळी, आणि दोन्ही वेळा छानच लागली होती.

बाबा बेकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर पाव फुगवून झाल्यावर त्यांनी आता जिन्याखालच्या खोलीत बिअर आंबवायला घेतली होती. समोर ग्लास आला. आत काळंभोर, दाट काहीतरी आणि वर तपकिरी फेस.

"ओळख," म्हणून बाबा हाताची घडी घालून बसले.

त्याने घोट घेतला आणि दचकलाच. हा वास तर त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा!

"काका, जळकी वायर."

तिने कपाळाला हात लावला.

"सहा आठवडे जपलंय मी या बिअरला!" बाबांचा आवाज चिरकला. "आणि हा म्हणतो वायर! अगं ए, इकडे ये, तू घे बघू वास."

आईने ग्लास हुंगला, मग खोलीभर नाक फिरवलं. "येतोय खरा. पहिल्या दिवसापासून सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण!"

झालं! जळकी वायर म्हटल्यावर खरा इलेक्ट्रिशियन कुणाच्या बापाचं ऐकत नाही, मग तो होणाऱ्या बायकोचा का असेना. त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले, ओव्हनमधला केक बसला आणि अंगभर साबण लावलेला थोरला भाऊ बाथरूममधून ओरडला, "गरम पाणी कुणी घालवलं रे?"

"माझा हीटर चालू कर आधी!" बाबा मागे धावले. "बिअरची टाकी गार पडेल!"

तो टॉर्च दातांत धरून जिन्याखाली शिरला. टाकीच्या हीटरचा प्लग सॉकेटमध्ये वितळून चिकटला होता, आणि त्याला टेकून कोरड्या धान्याची पोती.

"काका, तासाभरात टाकीच काय, जिनासुद्धा उरला नसता."

बाबा मटकन पायरीवर बसले. "एका घोटावरून ओळखलंस?"

"एकाच." त्याची छाती फुगली.

स्कूटरच्या डिकीतून नवा सॉकेट आला, खिडक्या उघडल्या, दिवे लागले. आईने बसलेला केक वाढला आणि कुणीही नाक मुरडलं नाही. बाबांनी मोठ्या मानाने ताजी बाटली उघडली. "आता घे. आता लागेल खरी चव."

त्याने घोट घेतला. जळकी वायर. तीच, तेवढीच. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

बाबांनी आपल्या ग्लासातला घोट घेऊन डोळे मिटले. "अहाहा! धुरावर भाजलेलं धान्य आहे हे. त्या प्लगने सगळा घोळ केला होता. कळला का फरक?"

"जमीन-अस्मानाचा, बाबा."

'बाबा' निसटलं ते निसटलंच. त्याने जीभ चावली. बाबांनी डोळे उघडले, त्याला नीट न्याहाळलं आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

"घ्या, जावईबापू."

आणि जावईबापूंनी एका दमात अख्खी वायर संपवली.