येळवशीला उतरलेलं वजन

वजन कसं उतरवायचं ते मला विचारा! डॉक्टर, डायटवाले, सगळे झूट! निम्मी भाकर खायची, पहाटे चालायचं, बास! महिनाभरात माझी पँट कमरेवर थांबेनाशी झाली. लातूरच्या अडत बाजारात लोक वळून वळून बघायचे. मला वाटलं, जळतात लेकाचे!

भानगड एकच झाली. पाय थांबेनात! दुकानात येरझारा, घरात येरझारा. आमची लेक स्वप्नाली नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "अप्पा, खाणं तोडलं, चरबी घटली की मेंदू घाबरतो. त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग तो पायांना हुकूम सोडतो, उठा, खायला शोधा!"

"माझा मेंदू माझ्या हुकमात हाय!" मी म्हणालो.

येळवस आली. त्या अमावस्येला आम्ही सगळे रानात जेवतो. ज्यांच्या पोरासाठी स्वप्नालीची बोलणी चालली होती, ते उदगीरचे गुरुबसप्पा जेवायला येणार होते. सोयरीक तिथंच ठरायची. पोरा-पोरीची पसंती झालेलीच होती.

सकाळी बायको, उज्ज्वला, रडवेली. "अहो, त्यांच्या कानावर गेलंय, तुम्हाला मोठा आजार हाय म्हणून! वाळून चाललेत, एका जागी बसत न्हाईत म्हणे. तेच बघायला येणार हायेत. आज गप बसा. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय!"

मी पँट वर ओढली आणि मान डोलावली.

गुरुबसप्पा सपत्नीक आले. केवढा तो देह! घोंगडीवर बसले आणि माझ्या गळ्याची हाडं न्याहाळू लागले.

"तब्येत कशी हाय, पाव्हणं?"

"ठणठणीत!" म्हणेस्तोवर मी उठलोच होतो. बांधापर्यंत गेलो, परत आलो. स्वप्नालीनं डोळे वटारले. बसलो. पुन्हा उठलो! गुरुबसप्पांनी बायकोकडं बघितलं. तिनं उठायच्या बेतानं हळूच पिशवी जवळ ओढली.

इकडं कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांपुढं नैवेद्य ठेवलेला. भाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, उंडे! पूजेआधी बोट लावायचं न्हाई. आणि पूजा करणाऱ्या आमच्या थोरल्या भावाचा पत्ताच न्हाई!

पाय निघाले. मी न्हाई, पाय! कोपीभोवती फिरलो, वाकलो, मुंडकं आत घातलं आणि आख्खा उंडा तोंडात कोंबला. तेवढ्यात कडबा कोसळला! धड आत, पाय बाहेर, तोंडात उंडा. ओरडताही येईना!

"अगं बाई, फीट आली!" गुरुबसप्पांची बायको किंचाळली.

संपलं! मोडली सोयरीक! लेकीचं तोंड डोळ्यांपुढं आलं आणि मला रडूच फुटलं.

गुरुबसप्पांनी माझे पाय धरले आणि जोर लावला. मी जागच्या जागी. पँट मात्र आली!

दुसऱ्या हिसक्याला मीही आलो. लांब सदऱ्यानं लाज राखली, पण उंडा तोंडातून डोकावत होता. गुरुबसप्पांनी उंडा बघितला, हातातली पँट बघितली.

"आजार-बिजार काय न्हाई," स्वप्नाली कशीबशी म्हणाली. "डायट हाय. महिन्याचे उपाशी हायेत."

"नुसती भूक व्हय!" गुरुबसप्पा गदागदा हसायला लागले. "आन् आम्ही काय काय ऐकलं! आता आमच्यापासून लपवायचं राहिलंय काय, पाव्हणं? सोयरीक पक्की!"

हुंडा नको, मानपान नको. त्यांची अट एकच, लग्नात मी धोतर नेसायचं न्हाई!