आधी आपण पडायचं

चित्राताईंनी पन्नाशीत ज्यूदोचा क्लास लावला तेव्हा विश्रामरावांनी भजनी मंडळाचं नाव सुचवून पाहिलं. ताई मानपाड्याला क्लासला जातच राहिल्या. रविवारी पट्ट्याची परीक्षा होती आणि एकच डाव जमत नव्हता. समोरच्याची कॉलर धरून आधी आपण पाठीवर पडायचं, पाय त्याच्या पोटाला लावायचा आणि त्याला डोक्यावरून पलीकडे भिरकावायचं.

"नाही जमलं तर क्लास बंद," असं म्हणून शनिवारी विश्रामराव स्वतःच हॉलमधल्या गाद्यांवर उभे राहिले. आपल्या वजनावर त्यांचा फार भरवसा होता.

ताई पडल्या. विश्रामराव गेले, आणि गाद्या संपल्यावरही थोडे गेले. शोकेसची काच खळ्ळकन फुटली. लाजेने ते ताडकन उठून उभे राहिले आणि त्याच क्षणी शेजारच्या मंदाकिनीताई आत आल्या. नवरा उभा, केस विस्कटलेले. बायको जमिनीवर, डोळ्यांत पाणी. ते हसून आलेलं होतं, पण हे कोण सांगणार?

"विश्रामभाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अहो, हिने मला फेकलं."

"मग पडलंय कोण?"

"हीच. जो फेकतो तोच आधी पडतो."

हे स्पष्टीकरण ऐकून मंदाकिनीताईंची उरलीसुरली शंकाही फिटली. संध्याकाळी त्यांना घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी श्रीपाद समजूत घालायला आले. ताईंनी त्यांना ठणकावून सांगितलं, "मीच फेकलं. उद्या परत फेकणार आहे."

"बघा, अजून पाठीशी घालतेय," म्हणत मंदाकिनीताईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाहुणे गेल्यावर विश्रामराव कोपर चोळत म्हणाले, की गादीबाहेर पडलो, तेव्हा हे काही धरत नाही. क्लास बंद.

"करते की बंद," ताई म्हणाल्या. "नवऱ्याने बंद करायला लावला, असंच सांगू ना मंदाकिनीताईंना?"

विश्रामरावांना रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी ते ताईंच्या आधी तयार होते. श्रीपाद आणि मंदाकिनीताईंना त्यांनी आग्रहाने रिक्षात घातलं. परीक्षेत सरांनी जोडीदार कोण म्हणून विचारलं, तेव्हा ते चपला काढून पुढेही झाले.

ताई पडल्या. विश्रामराव सगळ्यांच्या देखत हवेतून गेले आणि या वेळी मॅटवरच आपटले. उताणे पडल्या पडल्याच त्यांनी मान वळवून मंदाकिनीताईंना शोधलं. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"बघितलंत? फेकलं की नाही हिने?"