बाबांच्या चिठ्ठ्या आणि बायकोचं पहिलं किचन

कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायला मेकॅनिक कशाला हवा? चार स्क्रू काढायचे, कार्ड दाबायचं, चार स्क्रू लावायचे! हे मी बायकोला इतक्या ठामपणे सांगितलं, की मलाही ते पटलं.

बायको लोकांच्या घरांची किचन डिझाइन करते. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर पहिलंच गिऱ्हाईक पाच वाजता घरी येणार होतं, दातांची एक डॉक्टर. तिला स्क्रीनवर तिचं किचन फिरवून दाखवायचं होतं. पण कॉम्प्युटरच्या अंगच्या ग्राफिक्सला ते किचन पेलेना. ओट्यावरून सिंककडे वळलं, की चित्र गचके खायचं आणि गपकन थांबायचं.

"अहो, हे काम गेलं तर मला परत नोकरी शोधावी लागेल," बायको म्हणाली.

"एका तासात करून देतो!"

खरं सांगायचं तर मला त्या डब्यात डोकावायचंच होतं. बंद झाकण दिसलं की माझे हात शिवशिवतात. आमच्याकडे राहणारे माझे सासरे, म्हणजे बाबाही, त्याच जातकुळीचे! टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, घरातली कुठलीही वस्तू पोटातून पाहिल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

"जावईबापू, थांबा! आधी चिठ्ठ्या!"

चाळीस वर्षं त्यांनी चिठ्ठी लावल्याशिवाय एकही वायर उपटली नव्हती. वायरीला नंबर, भोकाला तोच नंबर. स्क्रीनची वायर चार, तिचं भोकही चार. मग झाकण निघालं आणि आम्ही दोघं आत बघतच राहिलो.

"हा पंखा कोणाला वारा घालतो हो?"

"बघू या काढून!"

पंख्याचं कोडं सोडवण्यात एक तास गेला. शेवटी कार्ड बसवलं, वायरी नंबरवार लावल्या आणि बटण दाबलं. स्क्रीन काळीकुट्ट!

कार्ड काढलं. स्क्रीन उजळली! बसवलं. पुन्हा काळोख!

"सवत आली की पहिली रुसून बसणारच," बाबांनी निदान केलं.

आम्ही रॅम काढून पुसली. स्क्रीन बदलून पाहिली. कार्डाला फुंकर मारली. बायको दर दहा मिनिटांनी दारात यायची.

"झालं?"

"पाचच मिनिटं!"

साडेचारला तिनं कमरेवर हात ठेवले. "काढा ते कार्ड. गचके खात का होईना, जुन्यावरच दाखवते."

"शेवटचं एकदा!" मी हात जोडले. तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टरीणबाई अर्धा तास आधीच हजर!

बायकोचा चेहरा पडला आणि मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. बाई मात्र सरळ आमच्या पसाऱ्यापाशी आल्या.

"अय्या, आतून असं असतं होय!" त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि किडकी दाढ शोधावी तशी डब्याची मागची बाजू न्याहाळली. "नव्या कार्डालाही इथं भोक आहे की. ते रिकामं का?"

"त्याला नंबर नाही," बाबा म्हणाले.

"पण चित्र आता हे नवं कार्ड दाखवणार ना? मग स्क्रीनची वायर जुन्याच भोकात कशी?"

"तिची जागाच ती आहे!" बाबा ताडकन म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाईंनी वायर उपटून कार्डात खोचली. स्क्रीनवर किचन असं झळकलं की विचारू नका! ओट्यावरून सिंककडे, सिंकवरून खिडकीकडे, लोण्यासारखं फिरत होतं. बायकोचा आवाज आधी कापत होता. मग कप्पे दाखवता दाखवता तिला बोलायचा असा सूर सापडला, की आम्ही दोघंही ऐकत राहिलो.

"ठरलं! काम तुमचंच," बाई म्हणाल्या. बायकोचे डोळे भरून आले. मी टाळ्या वाजवणार इतक्यात बाई पुढे म्हणाल्या, "फक्त एक अट आहे. काम चालू असताना हे दोघं माझ्या घरात पाऊल ठेवणार नाहीत."

बायकोनं ती अट करारात स्वतःच्या हातानं लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या! अट मला मान्य आहे. पण आता तुम्हीच सांगा, त्या किचनमधला कोपऱ्यातला गोल फिरणारा कप्पा नेमका कशावर फिरतो, ते आम्ही बघायचं कसं?