रत्नप्रभाबाईंचा शून्य आकडी नंबर

बोरीवलीच्या स्वाभिमान सहकारी गृहनिर्माण संस्थेने ठराव केला, की सभासदांनी आपले फोन नंबर ऑनलाइन अर्जात मराठीतच भरावेत. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. त्यानंतर एकशे एकोणीस सभासदांनी नंबर इंग्रजी आकड्यांत भरले. कुणी पुढे +91 लावलं, कुणी शून्य, कुणी मध्ये रेघा मारल्या, एकाने ‘दुपारी झोपतो’ असंही लिहिलं.

ठराव पाळला फक्त ३०२ मधल्या रत्नप्रभाबाईंनी. तीस वर्षं मासळी विकलेल्या या बाईंनी नातीकडून फोनचा कीबोर्ड मराठी करून घेऊन दहाही आकडे मराठीत टाकले.

नंबर एका साच्यात बसवायचं काम पाचव्या मजल्यावरच्या अक्षताकडे आलं. तिने जावास्क्रिप्टची एक ओळ लिहिली:

number.replace(/\D/g, "").slice(-10)

म्हणजे, जे आकडा नाही ते सगळं पुसायचं आणि शेवटचे दहा ठेवायचे. रेघा गेल्या, शून्यं गेली, दुपारची झोपही गेली. पण जावास्क्रिप्टला मराठी आकडा हा आकडाच वाटत नाही. रत्नप्रभाबाईंचे दहाच्या दहा पुसले गेले.

नंबर नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून फ्लॅट रिकामा. रिकाम्या फ्लॅटला पाणी कशाला, म्हणून तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बंद. पाचव्या दिवशी तक्रार आली, की रिकाम्या फ्लॅटमधून बांगडे तळल्याचा वास येतो. चौकशीअंती, स्वतःच्याच घरात बेकायदा घुसल्याची नोटीस बाईंच्या दारावर चिकटली. खुलासा ओटीपी टाकूनच स्वीकारला जाणार होता.

बाई हंडा घेऊन सेक्रेटरी चंद्रप्रकाशांच्या दारात उभ्या राहिल्या.

“अरे, मी दिसत नाय तुला?”

“दिसताय हो, मावशी. पण सिस्टीममध्ये नाही ना!”

“मग हा हंडा कोण घेऊन आलंय?”

“अज्ञात व्यक्ती,” चंद्रप्रकाश गंभीरपणे म्हणाले आणि हंडा भरून दिला.

तो हंडा डोक्यावर घेऊनच बाई पाचव्या मजल्यावर गेल्या. अक्षताने स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “वाट लागली! मावशी, चूक माझी आहे.” मराठी आकडे आधी इंग्रजी करून घ्यायची आणखी एक ओळ तिने तिथल्या तिथे जोडली.

पण चाचणीशिवाय दुरुस्ती मंजूर करायची नाही, असं कमिटीचं म्हणणं पडलं. म्हणून रविवारी सगळे सभासद हॉलमध्ये जमले. प्रत्येकाने आपला नंबर मराठी आकड्यांत कागदावर लिहायचा आणि अक्षताने तो सिस्टीममध्ये टाकून पाहायचा, असं ठरलं.

पाच मिनिटं कुणाचंही पेन हललं नाही.

“पाच कसा काढतात, यार?”

“सहा म्हणजे उलटा तीन ना?”

“मग तीन म्हणजे?”

ठरावावर चाळीस मिनिटं बोललेल्या चंद्रप्रकाशांनी चार म्हणून इंग्रजी आठ काढला आणि हाताने झाकून ठेवला. शेवटी बाईच उठल्या. “ओढ रेघ खाली! घाबरतोस काय, काटा नाय लागणार!” रांगेरांगेतून फिरत त्यांनी एकशे एकोणीस जणांचे हात धरून गिरवून घेतलं. संध्याकाळी ३०२ च्या नळाला पाणी आलं.

तुम्ही हसलात ना? बरं, आता स्वतःचा फोन नंबर मोठ्याने सांगा बघू. ‘नाइन एट’ने सुरुवात झाली असेल, तर जरा सरकून बसा; बाई तुमच्याच रांगेत येतायत.