गाठोड्यातून गेलेली ओवी

"काय न्यायचं ते कुणीही सांगेल गं, काय मागे ठेवायचं ते सांग!"

माझी आई प्रवासाची बॅग भरायला बसली की तिचा हा आवाज घरभर फिरायचा. इतकी वर्षं झाली, तरी कानाच्या कोपऱ्यात कुठेतरी तो बसून आहे. त्या सोमवारी तेवढा मला ऐकू आला नाही.

कसा येणार? मी मोठ्याने बोलत होते ना! ऑफिसात पाऊल ठेवताच जाहीर केलं, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाठोडं नव्या आवृत्तीवर धावायला लागलेलं असेल!"

गाठोडं म्हणजे आमच्या ऑफिसचं लाडकं साधन. आम्ही दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहितो. तो प्रोग्राम, त्याची चित्रं, त्याचे आवाज, सगळं सटरफटर एकत्र बांधून दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवर पोचवायचं काम गाठोड्याचं. लिहिलं होतं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, याच ऑफिसात, निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी. पण कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिलं, तिची ती जुनी आवृत्ती आता बंद होत होती. सरांनी बजावलं होतं, "सोमवारी जमलं तर जमलं. नाहीतर फेकून द्या, विकतचं घेऊ."

फेकून द्या! बाबांची उमेदीची वर्षं बांधलीयत त्यात!

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा वर्तमानपत्राआडून एवढंच म्हणाले, "कशाला उगाच? जुनंच बरं." आणि हळूच गाल दाबला. दाढ ठणकत होती, पण कबूल करतील तर शपथ! शेवटी मीच सोमवारी दुपारची वेळ घेऊन ठेवली, आमचाच प्रोग्राम वापरणाऱ्या डॉक्टरांकडे.

आता माझी एक खोड. काम अडलं की मला ओव्या सुचतात. बाबांचा कोड वाचताना सुचलेल्या ओव्या मी नणंदेला पाठवायला म्हणून गाऊन ठेवल्या होत्या. फाइल पडली होती प्रोग्रामच्या आवाजांतच, पण नाव दिलं होतं 'चाचणी'. बाबांनी गाठोड्याला शिकवूनच ठेवलं होतं, 'चाचणी' दिसलं की वगळायचं. म्हणजे माझं गाणं तिजोरीत ठेवल्यासारखं सुरक्षित!

तर मी भराभर ओळी बदलल्या. चुका दाखवणाऱ्या लाल खुणा एकेक करून हिरव्या झाल्या, जणू वाळलेल्या फांदीला पालवी. आमची तपासणीवाली, जिला सगळे भिंगताई म्हणतात, ती डोळे बारीक करून म्हणाली, "लागतं ते सगळं आत गेलंय. पाठवू?"

"पाठव!"

गाठोडं गेलं. मी डबा उघडला. पहिला घास तोंडाशी, तोच फोन!

"मॅडम, आमची घंटा गातेय!"

"कोण गातेय?"

"घंटा हो! पुढच्या पेशंटला बोलवायची! ऐका!"

आणि फोनमधून, खणखणीत, माझाच आवाज:

"सासऱ्यांनी लिहिला कोड, त्याला ना टीप ना खूण,
कोड्यात पडली बाई, त्यांची एकुलती सून!"

घास तिथेच थांबला. आमच्या प्रोग्रामला आवाजांतली सर्वांत नवी फाइल, पेशंट आत येईपर्यंत, घंटा म्हणून वाजवायची सवय. आणि सर्वांत नवी फाइल कोणती? तुम्हाला कळलंच असेल!

मग फोनवर फोन. एका दवाखान्यात भूल दिलेला माणूस हसताना खुर्चीवरून घसरला. एका डॉक्टरांनी विचारलं, "पुढचं कडवं आहे का हो? पोरं रडायची थांबलीयत."

पुढचं कडवं! ते होतं:

"बोलती ना कौतुकाचं, हसती ना ओठांत,
दुखते दाढ तरी, गुपित ठेवती पोटात!"

आणि बाबा या घटकेला कुठे? दातांच्या दवाखान्यात!

"भिंगताई, हे 'चाचणी' वगळलं का नाही गं याने?"

"मी आत काय गेलं ते तपासलं. बाहेर काय राहिलं ते कोण तपासतं?"

तेव्हा कुठे आईचा आवाज कानाच्या कोपऱ्यातून उठून उभा राहिला. उशिराच!

सर दारात येऊन उभे. "विकतचं मागवतो," म्हणाले. मी म्हटलं, "सर, थोडा वेळ द्या, पाया पडते!" आणि कोडमध्ये डोकं खुपसलं. ओळ न् ओळ पाहिली. चूक काही दिसेना. डोळ्यांसमोर नुसतं बाबांचं वर्तमानपत्र!

इतक्यात भिंगताईने मला कोपराने ढोसलं. दारात बाबा. एक गाल फुगलेला, अर्धं तोंड बधिर. सरळ माझ्यापाशी आले, खुर्ची ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे."

पाहिलं तर खरंच! जुन्या आवृत्तीत कच्ची अक्षरं, म्हणजे कॉम्प्युटरचे नुसते आकडे, आणि माणसाने वाचायचा मजकूर एकाच घरात नांदायचे. नवीने दोघांना वेगळं काढलं. एकात लिहिलेलं 'चाचणी' आता दुसऱ्यातल्या 'चाचणी'ला ओळखच देत नव्हतं, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. मी ओळ बदलली. नवं गाठोडं गेलं. घंटा पुन्हा घंटेसारखी वाजू लागली, आणि सर "असू दे हेच," असं पुटपुटत निघून गेले.

"बाबा, तुम्हाला एका नजरेत कसं कळलं?"

बाबांनी खिशातून रुमाल काढला.

"मी पण इथेच अडकलो होतो. निवृत्तीच्या आधी, कुणाला न सांगता करून पाहिलं होतं. चूक सापडली, पण पुढे पाठवायचा धीर झाला नाही. म्हणून जो विचारेल त्याला सांगत बसलो, जुनंच बरं." मग रुमालाने ओठ टिपला. "तू पाठवलंस."

"चुकीचं पाठवलं, बाबा!"

"ते दिसलंच. अख्ख्या दवाखान्याने ऐकलं. कौतुकाचं कडवं लागलं तेव्हा माझा आ वासलेला होता, आत डॉक्टरांचे दोन्ही हात. नाहीतर तिथेच बोललो असतो."

"काय बोलला असतात?"

बराच वेळ त्यांनी जीभ इकडून तिकडे फिरवून पाहिली. मग अर्ध्या ओठातून, थोडी लाळ आणि पुष्कळ लाज सांडत, ते आलं:

"छान केलंस, पोरी."

अर्धा ओठ बधिर होता, पण मी ते अख्खं मोजलं!